शिट्टी आतून वाजायची तेव्हा

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. मित्रांनो, जन्मभर मला माणसांच्या थुंकीशिवाय दुसरं काही चाखायला मिळालेलं नाही, तेव्हा माझं बोलणं जरा आंबट वाटलं तर चालवून घ्या. माझ्या पोटात बुचाची एक गोळी आहे. कोणी फुंकलं की ती गरगर फिरते आणि मी किंचाळते. गोड गळा काही माझ्या नशिबी नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, डाख लावून जोडला आणि झाले मी. तपासणाऱ्या बाईने मला हवेच्या नळीवर वाजवून पाहिलं, "चालेल" म्हणाली आणि टोपलीत फेकलं. पुढे बराच काळ मला मिळालेलं कौतुक ते एवढंच.

मला विकत घेतलं एका मुकादमाने. जुन्या, मोडकळीला आलेल्या इमारती पाडायचं काम करणारी बारा माणसांची टोळी त्याच्या हाताखाली होती. दिवसातून शंभरदा तो म्हणायचा, "हळू रे, हळू!" म्हणून सगळे त्याला हळूमामा म्हणत. ठेकेदाराला हा संथपणा अजिबात खपत नसे. तो पाठीमागे मामाला गोगलगाय म्हणायचा. मामाच्या कानावर ते गेलं तेव्हा मामा म्हणाला, "बरोबर आहे. गोगलगाय स्वतःचं घर पाठीवर घेऊन फिरते, दुसऱ्याचं अंगावर घेत नाही." त्या दिवशी टोळी पोट धरधरून हसली.

पाडकामाला माझे दोन सूर असत. एक लांब फुंक म्हणजे हातातलं टाका आणि बाहेर पळा. दोन तोकड्या फुंका म्हणजे आत या. ह्या दोन सुरांवर बारा माणसांचा जीव अवलंबून होता, आणि मामाला ते पक्कं ठाऊक होतं. सकाळी टोळी बाहेर पायरीवर बसायची. मामा एकटा आत जायचा. भिंतीवर बोटांच्या सांध्यांनी टकटक करायचा, कान लावायचा, प्रत्येक मजल्यावर पाय आपटून बघायचा. सगळ्यात आतल्या खोलीत पोचला की मगच तो मला ओठाला लावून दोनदा वाजवायचा. बाहेरची माणसं मान वर न करता उठायची आणि पहारी, घण, घमेली घेऊन आत शिरायची. मामाच्या तोंडी "जा" हा शब्दच नव्हता. तो "या" म्हणायचा, आणि जो स्वतः आत उभा आहे त्यालाच "या" म्हणता येतं.

बाकी मामात काय होतं म्हणाल, तर काही नव्हतं. बोलायला बसला की वाक्य अर्धं राहायचं. माणसांची नावं त्याच्या ध्यानात राहत नसत, सगळ्यांना "अरे हे" आणि "अगं ही". चिडला की दोन दोन दिवस धड बोलायचा नाही. तरी त्याच्यामागे ती बारा माणसं कुठेही जायची. एकदा पुढच्या खोलीचा सगळा गिलावा खाली आला. मामाने मला लांब फुंकलं, दारात उभं राहून एकेक डोकं मोजलं आणि बारा झाल्यावर शेवटी स्वतः बाहेर आला. पांढराफटक पिठाचा गोळाच! त्या दिवशी सगळ्यांनी मला हातात घेऊन पाहिलं, कोणी पदराने, कोणी रुमालाने पुसलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

टोळीत राडारोडा वाहणारी एक बाई होती. सगळे तिला अक्का म्हणत. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला आणि हिच्या एकटीच्या हातांवर दोघांचं पोट. जीभ मात्र सुरीसारखी. ती एकदा मामाला म्हणाली, "मामा, तुमची शिट्टी ऐकली ना, की माहेरून बोलावणं आल्यासारखं वाटतं बघा." मामा लाजून भलतीकडेच पाहायला लागला.

पण आयुष्यभर खाल्लेली धूळ मामाच्या छातीत साचली. फुंक तोकडी पडायला लागली. डॉक्टरने काम सोडायला सांगितलं. ठेकेदाराने नवा मुकादम आणला. तो इतका गोड बोलायचा की आठवड्यात त्याचं नाव गोडबोल्या पडलं, आणि त्यावर तोच सगळ्यात मोठ्याने हसला. त्याला बाराही नावं पाठ होती. अक्काच्या नवऱ्याला कोणतं औषध चालू आहे, हेसुद्धा तो विचारायचा. चहा आला की आधी दुसऱ्यांना द्यायचा. मित्रांनो, मलाही तो आवडला होता. मामालाही आवडला. निघायच्या दिवशी मामाने सगळ्यांसमोर मला त्याच्या गळ्यात घातलं आणि म्हणाला, "आजपासून ह्याचं ऐका." मग त्याच्या कानाशी लागून म्हणाला, "आतून वाजव."

"हो मामा, ते काय सांगायला हवं?" गोडबोल्या म्हणाला. मनापासून म्हणाला.

पहिल्या इमारतीत तो खरंच आत गेला. दुसरीत जिन्याच्या तळाशी थांबला. मग उंबऱ्यावरूनच वाजवायला लागला. मग अंगणातून, खुर्चीत बसून. ह्यात त्याला काही वाईट करायचं होतं असं नाही. कुठूनही वाजवलं तरी माणसं आत जात होती, मग जिने चढायचे कशाला? दोष माझाही आहे. माझ्या आवाजात "या" आणि "जा" सारखेच ऐकू येतात. मला दुसरं काही म्हणताच येत नाही.

त्या दिवशी काम होतं एका बंद पडलेल्या दुमजली छापखान्याचं. वरच्या मजल्यावर लोखंडी यंत्रं तशीच गंजत पडली होती. मी अंगणातून दोनदा वाजले. माणसं उठली. अक्का मात्र पायरीवरच थांबली.

"अगं बाई, आवाज मागून आला की!" ती म्हणाली.

"अक्का, कान धुऊन घे," कोणीतरी आत जाता जाता म्हणालं.

गोडबोल्या हसला. "अक्का, पुढून काय नि मागून काय, शिट्टी तीच ना?"

शिट्टी तीच होती. अक्काने माझ्याकडे पाहिलं, घमेलं उचललं आणि म्हणाली, "जाते बाबा. सगळे आत आणि मी एकटी इथे काय अंडी उबवू?" आणि ती गेली. तिला कळलं होतं, तरी ती गेली.

तासाभरात वरचा मजला यंत्रांसकट खाली आला. गोडबोल्याने मला जीव खाऊन फुंकलं. मी किंचाळत राहिले, पण तेव्हा ऐकून उपयोग काय? कोणी धावत, कोणी रांगत, अकराजण बाहेर आले. अक्का आली नाही.

गोडबोल्या ढसाढसा रडला. ते रडणं खोटं नव्हतं. तो तिच्या घरी रोज जायचा, नवऱ्याला हाताने भरवायचा. लोक म्हणाले, माणूस मनाचा मोठा आहे हो. ह्या दुःखात टोळी त्याच्या आणखीच जवळ गेली.

पुढच्या कामावर मामा आला. काठी टेकत, दोन पावलांना एकदा थांबत. त्याने हात पुढे केला आणि गोडबोल्याने मला मुकाट्याने काढून दिलं. "मी आधी बघतो," मामा म्हणाला आणि आत गेला. टकटक केली. पाय आपटला. मागच्या खोलीत त्याने भिंतीला कान लावला तसा त्याचा चेहरा बदलला. भिंत पोकळ होती. त्याने मला ओठाला लावलं. मी पोटातली गोळी सावरून तयार झाले. आता लांब सूर, मामा, लांब! पण माझ्यातून नुसता फुस्स वारा गेला. त्याने पुन्हा फुंकलं, पुन्हा फुंकलं. गोळी जागची हलली नाही. बाहेर कोणालाच काही ऐकू आलं नाही.

तो कसाबसा बाहेर आला. "नको," एवढंच म्हणाला, आणि पुढे सगळा खोकला. गोडबोल्याने त्याला खुर्ची दिली, पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. "मामा, दम लागलाय तुम्हाला. बसा तुम्ही. आम्ही जपून करतो." मग त्याच्या मुठीतून मला हळूच सोडवून घेतलं आणि अंगणातूनच दोनदा वाजवलं. अकराजण मामाकडे न बघता उठले आणि आत गेले.

त्या दिवशी भिंत पडली नाही. म्हातारा उगाच भितो, असं सगळ्यांचं ठरून गेलं. मामा परत आला नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपल्या गोष्टीच्या शेवटी सांगतात की आम्हाला पुसा, जपा, फेकू नका. मला तसं काही नको. उलट कोणी मला गटारात टाकलं तर उपकार होतील. फक्त एक मागते. कोणाच्या मागे जायचं असेल तर तो खरोखर पुढे आहे ना, एवढं मान वर करून बघा. तुम्ही बघाल असं मला वाटत नाही. अक्काने तर बघितलं होतं. उद्या सकाळी मी अंगणातून पुन्हा दोनदा वाजणार आहे.