आवंढा

"जगाची तोंडं चकाचक करतो, आणि बापाच्या थोबाडाचं झुडूप होऊ देतो," बाबा उशीला सांगावं तसे पुटपुटले. अर्ध्या अंगावरून वारं गेल्यापासून त्यांची जीभ जड झाली होती; टोमण्यांची धार मात्र शाबूत होती.

सुनेने चादर झटकली. "परवाच कातरीने दाढी नीट केली की त्यांनी."

"कातर झाडाला लावतात. माणसाला वस्तरा."

गरम पाण्याचा तांब्या घेऊन दाराआड उभ्या असलेल्या लेकाने सगळं ऐकलं. चौकात त्याचं दोन खुर्च्यांचं सलून होतं. हल्ली तो फक्त केस कापायचा. दाढीचं गिऱ्हाईक आलं की कारागिराच्या खुर्चीकडे बोट करायचा. बाबा अंथरुणाला खिळल्यावर एकदा त्यांची दाढी करताना त्याच्या मनात आलं होतं, जरा दाबलं तर? तेव्हापासून वस्तरा उचलला की तोच विचार मुक्कामाला आलेल्या जावयासारखा पाय पसरून बसायचा. बायकोला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "चहा ठेवते."

समुपदेशक बाईंकडे मात्र तीच घेऊन गेली. "विचार जाईल असं काहीतरी द्या," तो म्हणाला.

"घालवायला गेलात की तो आणखी ठाण मांडतो. येऊ दे त्याला," बाई म्हणाल्या. "तो असतानाही तुम्हाला काय करावंसं वाटतं, ते सांगा."

तो म्हणाला, "बाबांची दाढी."

आज तांब्याबरोबर तो विचारही खोलीत आला. लेकाने फेस केला, गाल ताणला, वस्तरा लावला. गाल झाले, हनुवटी झाली. बायको उगाचच बाबांचे पाय दाबत बसली होती, डोळे वस्तऱ्यावर.

गळ्याशी तो थांबला. इथे प्रत्येक गिऱ्हाईक आवंढा गिळतं. तो उतरू द्यायचा, मगच पातं टेकवायचं. बाबांना आता गिळणंच अवघड. गळ्यातली गाठ वर गेली ती तिथेच अडकली. त्याने पातं अधांतरी धरलं. बस, असाच बस, तो विचाराला मनात म्हणाला. तो बसलाच होता.

"झोपलास का?"

"आधी गिळा, बाबा."

बाबांनी कष्टाने गिळलं. मग छताकडे बघत म्हणाले, "तुला वाटत असेल, म्हातारा सुटला तर बरं."

सुनेचे हात थांबले.

"मलाही वाटतं रे. चालव हात."