हुडहुडीचे दिवस

"आजी, शेवटचा थंडीताप कधी आला होता?" मोहिनीनं विचारलं.

फुलवंताबाई ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. अक्कलकुव्याच्या वर, डोंगरात तिचं घर. मोहिनी मूळची म्हसावदची, आता पुण्यात मलेरियाच्या लशीवर काम करणारी. तिचं मराठी म्हातारीला निम्मंच कळे; उरलेलं सून सुनिता त्यांच्या पावरी बोलीत सांगे.

"जालमसिंग होता तेव्हा."

जालमसिंग म्हणजे तिचा नवरा. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या काळी पावसाळा सरत आला की ताप यायचाच. शेतात उभ्या उभ्या दात वाजू लागत. घरातल्या सगळ्या गोधड्या घातल्या तरी खाट हलायची. मग जालमसिंग गोधड्यांवरूनच तिला कवेत घेऊन पडून राही. "हलू नको, खाट मोडेल," म्हणे आणि स्वतःच हसे. घाम फुटून अंग मोकळं झालं की मक्याची पेज करून पाजी. एरवी चुलीकडे न फिरकणारा माणूस! पुढे पुढे ताप नुसती डोकेदुखी होऊन यायचा, मग तीही थांबली.

सांगताना ती लाजली. "ताप वाईटच. माझी एक पोर त्यानंच नेली. पण ते दिवस आठवतात."

मोहिनी म्हणाली, "ताप येऊन येऊन तुमचं रक्त त्या जंतूंशी लढायला शिकलं, आजी. तेच लहान मुलांना लशीतून शिकवता येईल का, ते आम्ही शोधतोय. पण ताप थांबला की ही ताकद ओसरते. तुमच्यात किती उरलीय, ते थोडं रक्त घेऊन बघायचंय. नाही म्हणालात तरी चालेल."

फुलवंताबाईनं हात पुढे केला. सुई टोचताना मोहिनी नकळत घरच्या बोलीत गेली, "दुखी ऱ्हायनं का?"

ही अहिराणी म्हातारीला बाजारात ऐकून ऐकून ओळखीची. ती म्हणाली, "आता कशी माणसासारखी बोललीस!"

होळीनंतर मोहिनी परत आली. "ताकद आहे, आजी. थोडीच, पण आहे."

"मग लस झाली?"

"नाही. अजून वर्षं लागतील. कदाचित जमणारही नाही."

 फुलवंताबाई सुनेला म्हणाली, "खालच्या घरच्या दगूबाईला बोलाव. तिला माझ्याहून जास्त ताप यायचा."

दगूबाई आली, बाही वर करून बसली. तापाच्या दिवसांत कोण कुणाचं पाणी भरायचं, कुणाची गुरं कोण राखायचं, दोघींचं सुरू झालं. मोहिनीनं रक्त घ्यायची नळी तयार ठेवली होती. पण त्यांचं बोलणं मध्येच तोडावंसं तिला वाटेना. ती ऐकत बसली.