घराघरांचं तिखट सांभाळणारी मी

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी हार्ड डिस्क आहे, जुनी आणि पोचे आलेली, पण माझ्या पोटात एकेकाळी अख्ख्या लालबाग-परळचं तिखट होतं. आज मी तुम्हाला माझी कहाणी सांगणार आहे आणि ती सांगताना गोड बोलणार नाही. मी डूख धरणाऱ्यांतली आहे.

जन्म परदेशातल्या कारखान्यातला, पण आयुष्य गेलं लालबागला, सुभद्राकाकींच्या मसाल्याच्या दुकानात. उन्हाळ्यात बायका तिथे मिरच्या निवडून, भाजून, कांडून न्यायच्या. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. कुणाला बेडगी जास्त, कुणाला त्रिफळ हवंच, कुणाच्या सासरी नागकेशर चालत नाही. ही सगळी प्रमाणं दुकानाच्या कॉम्प्युटरवर असत. दर शनिवारी काकी त्यांची नक्कल माझ्यात उतरवायच्या, मला फडक्यात गुंडाळायच्या आणि डब्याच्या पिशवीतून घोडपदेवला घरी न्यायच्या. शेजारचं दुकान जळालं तेव्हापासून त्यांनी धसकाच घेतला होता. दुकानाला काही झालं तरी प्रमाणं घरी शाबूत राहिली पाहिजेत, एवढंच त्यांचं म्हणणं. गिऱ्हाइकांसमोर त्या मला आपली तिजोरी म्हणायच्या, तेव्हा मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू!

मग काकींचे गुडघे गेले आणि गल्ल्यावर त्यांचा मुलगा राजेश बसला. त्याने चकचकीत नवी डिस्क आणली. दुकानात तिखट उडतं, सारखी काढ-घाल केली तर भोकात मिरचीची पूड जाते, म्हणून त्या शहाण्याने ती कॉम्प्युटरला कायमची जोडली आणि वरून चिकटपट्टी मारली. माझी ने-आण संपली. घरच्या माळ्यावर मला फेकताना तो म्हणाला, "म्हातारी भंगारात निघाली." मित्रांनो, तो शब्द मी विसरले नाही. मला दात नाहीत, नाहीतर तिथल्या तिथे दातओठ खाल्ले असते. पापडाच्या डब्यामागे धूळ खात मी ठरवलं, एक ना एक दिवस हा नाक मुठीत धरून माझ्याकडे येईल, तेव्हा याचं उट्टं काढीन.

तो दिवस आला. ऐन हंगामाच्या तोंडावर राजेशने मिरचीच्या व्यापाऱ्याचं बिल समजून एक भलताच ईमेल उघडला. कुण्या चोराने दुकानातली सगळी माहिती कुलूपबंद केली आणि पडद्यावर खंडणी मागितली. नवी डिस्क? ती तर कॉम्प्युटरलाच चिकटवून ठेवलेली. चोराचा हात तिच्यापर्यंतही पोचला आणि त्या नव्या बाईसाहेबांची बोबडी वळली. रात्री घरी राजेश काकींना हे सांगत होता, ते मी माळ्यावरून ऐकलं आणि खरं सांगते, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

राजेश शिडी लावून वर चढला. मला पुसून त्याने दुकानात नेलं. कॉम्प्युटर आधी पार साफ करून घेतला आणि मग मला त्याला जोडलं. मी मुद्दाम कट् कट् केलं आणि गप्प बसले. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पुन्हा जोडलं, पुन्हा कट् कट्. म्हटलं, भोग आता आपल्या कर्माची फळं. शेवटी काकी दुखऱ्या गुडघ्यांनी दुकानात आल्या, माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "चल गो बाय, माझ्यासाठी तरी." काकींशी माझं वैर नव्हतं. मी उघडले.

पण माझ्यात काय होतं? मला माळ्यावर टाकलं तोपर्यंतचंच. नंतर जोडलेल्या घरांचं माझ्याकडे काहीच नव्हतं. मग राजेश शीवपासून फणसवाडीपर्यंत दारोदार हिंडला. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून चूक कबूल करायची, बायकांची बोलणी खायची आणि प्रमाण नव्याने विचारून घ्यायचं. दुकानात परतला की तो सगळं काकींना सांगायचा आणि टेबलावर पडल्यापडल्या माझे कान तृप्त व्हायचे.

एका घरी जायचं मात्र त्याने टाळलं होतं. शेवटी त्या घरच्या नॉर्मा आंटी स्वतःच गिरगावहून आल्या, वर्षभराचा बाटली मसाला भरून न्यायला रिकाम्या बाटल्या घेऊन. त्यांच्या आईने मागच्या उन्हाळ्यात याच दुकानात बसून आपलं प्रमाण राजेशला तोंडी सांगितलं होतं. पुढे थंडीत त्या वारल्या.

राजेशने मान खाली घातली. "आंटी, तुमच्या मम्मीचं प्रमाण गेलं. चूक माझी आहे."

आंटी ओरडल्या नाहीत. "मी घरी लिहून घेत होते," त्या म्हणाल्या. "मम्मी म्हणाली, कशाला, राजेशकडे आहे ना." मग त्यांनी बाटल्या गल्ल्यावर ठेवल्या. "आता कुणाच्याही घरचा भरून दे."

राजेश भिंतीकडे तोंड करून रडला. हेच रडणं मला हवं होतं. पण त्या घटकेला मी माझं पोट कानाकोपऱ्यापर्यंत धुंडाळत होते. तिथे काही नव्हतं.

मित्रांनो, राजेशला मी अजून माफ केलेलं नाही. तुमच्याही घरात, दुकानात माझ्यासारखी कुणी असेल. नवं काही आलं की तिच्यात उतरवा, ती चालते का ते अधूनमधून बघा आणि तिला कॉम्प्युटरपासून लांब, दुसऱ्या जागी ठेवा. आमची दया येते म्हणून हे करू नका. आम्ही सूड घेणाऱ्या आहोत. आणि जे आमच्यात ठेवलंच नाही, ते पुढे आम्ही द्यायचं म्हटलं तरी आम्हाला देता येत नाही.