पाणी मागितलं, झोप मिळाली

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. माझं अंग पत्र्याचं आणि रंग लाल. अंगावर कमळाची दोन फुलं होती. त्यातलं एक हात लागून लागून पुसट झालं आहे. माझ्या पोटात काचेची बाटली आहे आणि त्या बाटलीला दोन भिंती आहेत. त्या भिंतींच्या मध्ये काहीही नाही, हवासुद्धा नाही. कारखान्यात ती शोषून घेतात आणि काचेचं टोक वितळवून कायमचं बंद करतात. आम्हा थर्मासांची सगळी ऊब त्या रिकामपणामुळे टिकते. याचं मला लहानपणी फार नवल वाटायचं. खरं सांगू? अजूनही वाटतं.

मी चीनमधल्या शाओशिंग गावच्या एका लग्नात आहेर म्हणून आलो. आमच्याकडे थर्मास जोडीनंच देतात. माझा जुळा भाऊ पहिल्याच हिवाळ्यात तडकला आणि मी एकटा उरलो. नवरा होता ग्वानशिंग, होडीवाला. नवरी श्यांगती. घर कालव्याच्या काठावर, इतकं काठावर की दारातल्या पायऱ्या थेट पाण्यात उतरायच्या. पहाटे धुकं वर चढून स्वयंपाकघरात शिरायचं. माझ्या तोंडातून निघणारी वाफ त्यात मिसळायची, आणि आपण कुठे संपतो नि कालवा कुठे सुरू होतो, हे मला कळायचं नाही.

ग्वानशिंग काका मला होडीत घेऊन जायचे. आमच्याकडच्या होड्यांना वाकवलेलं काळं छप्पर असतं आणि वल्हं पायांनी मारतात. त्यामुळे काकांचे हात मोकळे असायचे, आणि तोंड तर मोकळंच होतं. प्रवाशांच्या कपात माझं पाणी ओतत ते सांगायचे, "हा पूल नीट बघून ठेवा पाहुणे! याच पुलावरून माझी बायको मला पहिल्यांदा बघून हसली. लग्न झाल्यावर कळलं, ती माझ्या मागच्या बदकाला हसली होती." होडी हसण्यानं हलायची. मी मांडीशी मांडी लावून बसल्यासारखा प्रवाशांमध्ये बसलेला असायचो. ते माझे सुखाचे दिवस.

मग घरात विजेची किटली आली. बटण दाबलं की दोन मिनिटांत पाणी उकळू लागलं. माझी रवानगी जिन्याखाली झाली, मोडक्या छत्र्यांच्या शेजारी. कोळ्यानं माझ्या कानाला जाळं बांधलं. रिकाम्या थर्मासाला एक खोड असते. कान लावला तर आत लांबच्या पाण्यासारखा आवाज येतो. मी माझाच आवाज ऐकत पडून राहिलो. किती वर्षं, ते मोजलं नाही.

जिन्याखालीच मला कळलं की काकांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा पाय ओढत ते दवाखान्यातून घरी आले, पण शब्द हरवून आले. शब्द त्यांच्या डोक्यात असत. ओठांपर्यंत येत नसत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज बोलायला लावा. पण श्यांगती मावशींचं काकांवर प्रेम फार, आणि धीर अगदी कमी. काकांनी "च..." म्हटलं, की मावशी लगेच, "चहा? चपला? चष्मा? चादर?" काका मान हलवायचे, होय की नाही तेही धड कळायचं नाही, आणि मावशी चारही वस्तू आणून ठेवायच्या. हळूहळू काकांनी "च" म्हणणंही सोडलं. दारातल्या वेताच्या खुर्चीत बसून ते दिवसभर पाण्याकडे बघायचे. होडी पायऱ्यांना बांधलेली असायची.

वरची खोली रिकामी होती. ती मावशींनी भाड्यानं दिली, आणि बारीक पिवळ्या फुलांच्या वासानं सगळा कालवा भरून गेला होता अशा एका दुपारी फेलाना आली. मादागास्कर बेटावरची, अंत्सिराबे गावची, वीस वर्षांची मुलगी. कालव्यापलीकडच्या कॉलेजात चिनी भाषा शिकायला आली होती. एक बॅग, पाठीवर एक पिशवी, आणि सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर, हसू.

समोरची रुआनबाई आंबवलेला टोफू तळून विकायची. ती तिथूनच ओरडली, "श्यांगती, एक मुका होता तो कमी पडला म्हणून दुसरी आणलीस? आता घरात बोलणार कोण, मांजर?"

"मी आहे ना समर्थ!" मावशी म्हणाल्या. "तुझ्या टोफूच्या वासानं अख्ख्या गल्लीची बोलती बंद होते, ते बघ आधी!"

वरच्या खोलीत किटली नव्हती. म्हणून मावशींनी मला बाहेर काढलं, राखेनं घासलं, आणि उकळतं पाणी ओतलं. मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. खूप दिवसांनी कुणीतरी आपल्याला नावानं हाक मारावी, तसं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी फेलाना मला रिकामा घेऊन खाली आली. तिनं वाक्य पाठ केलेलं होतं. चिनी भाषेत पाण्याला म्हणतात 'श्वे' आणि झोपेलाही 'श्वे'. फरक फक्त सुराचा. आवाज विहिरीत घागर बुडवावी तसा खाली नेऊन वर काढला, तर पाणी. धपकन खाली टाकला, तर झोप. फेलानाचा आवाज धपकन पडला.

"मावशी, मला झोप हवी," ती म्हणाली.

"भर दुपारी? ताप आला की काय पोरी?" मावशींनी तिच्या कपाळाला हात लावला, कपाटातली जाड रजई काढली आणि तिच्या हातात कोंबली. "जा, झोप. बोलू नकोस काही."

फेलाना रजई बघते, मला बघते, पुन्हा म्हणते, "झोप, मावशी. गरम झोप."

"गरमच आहे ही, कापसाची आहे!"

वेताची खुर्ची करकरली. काकांचे खांदे हलत होते. ते रडताहेत असं आधी मला वाटलं, पण ते हसत होते. त्यांनी डावा हात उचलून माझ्याकडे बोट केलं. चेहरा लालबुंद झाला. ओठ एकदा उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

"श्वे," ते म्हणाले. सूर खाली गेला आणि हळूच वर आला. पाणी.

मावशींच्या हातातून कपाटाची किल्ली पडली. फेलानाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, शिकवताहेत. तिनं मान डोलावली आणि म्हटलं, "श्वे?"

काकांनी मान हलवली. चूक. "श्वे."

त्या दिवसापासून दुपारी दोघं दारात बसू लागले. मध्ये मी. काका पुलाकडे बोट करायचे आणि शब्द शोधू लागायचे. शोधायला फार वेळ लागायचा. पाण्यावरून एखादं पान तरंगत येऊन पुलाखालून निघूनही जायचं, तरी शब्द यायचा नाही. फेलाना वाट बघायची. दुसरं करणार काय? पुढचा शब्द तिलाही माहीत नसायचा. काकांचं वाक्य पुरं करू शकत नाही असं त्या घरात तिच्याशिवाय कुणीच नव्हतं, आणि म्हणूनच काका तिच्याशी बोलू लागले. मावशी हे चुलीजवळून ऐकायच्या. शब्द त्यांच्या अगदी जिभेवर यायचा, तेव्हा त्या तोंडात मुळ्याच्या लोणच्याची फोड कोंबायच्या. त्या हिवाळ्यात लोणच्याची बरणी लवकर संपली.

हिवाळा आमच्याकडे ओला असतो. भिंतींना घाम येतो, अंथरूण कधी कोरडं वाटत नाही. फेलाना परीक्षेत नापास झाली. फोनवर आईशी बोलताना ती मोठमोठ्यानं हसायची आणि फोन ठेवला की बराच वेळ मला पोटाशी धरून बसायची. तिच्या हृदयाचे ठोके माझ्या पत्र्यावर वाजायचे. एका सकाळी तिनं बॅग भरायला घेतली. मग खाली येऊन तिनं मला भरून घेतलं, आणि परतताना दारातल्या ओलसर दगडावर तिचा पाय घसरला.

माझ्या पोटात एक मोठा आवाज झाला. मग नुसती खळखळ. चांदीसारखे तुकडे, गरम पाणी, आणि वाफच वाफ.

फेलाना पायरीवर बसून रडू लागली. "मला भाषा येत नाही. मी वस्तू फोडते. मी घरी जाते," असं ती चुकीच्या सुरांत पुन्हा पुन्हा म्हणत होती. मावशी धावत आल्या, काहीतरी म्हणणार होत्या, तेवढ्यात काकांनी हात वर केला. मावशी थांबल्या. तोंडात लोणचं नसतानाही थांबल्या.

"काच... फुटली," काका म्हणाले. "माणूस... नाही."

झटक्यानंतरचं त्यांचं ते पहिलं पुरं वाक्य. मावशींनी पदर नसलेल्या आपल्या स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसले. काका फेलानाजवळ पायरीवर बसले. बसायलाही त्यांना वेळ लागला.

"घरी... जेवताना... काय पितात?"

फेलानानं हातांनी, सुरांनी, कसंबसं सांगितलं. भात करायचा. तो बाहेर काढायचा. बुडाशी लागलेली खरवड आणखी खरपूस करायची आणि त्यावर पाणी ओतून उकळायचं. आई रोज करते. त्याचा वास आला की जेवायला बसायचं.

काका उठले. पाय ओढत चुलीपाशी गेले आणि त्यांनी भात मुद्दाम लागू दिला. धूर सगळ्या घरात झाला. "अहो, घर जाळता का!" मावशी ओरडल्या. रुआनबाई समोरून ओरडली, "आता वासाबद्दल बोल मला!" त्या गडबडीत मावशी जुन्या गल्लीतल्या दुकानातून माझ्यासाठी नवी काच घेऊन आल्या. माझा पत्रा उघडला, तुकडे झटकले, नवं पोट बसवलं. आता मी तोच की दुसरा, हा प्रश्न मला पडायच्या आधीच माझ्यात ते तपकिरी, धुरकट, गोडसर पाणी आलं. फेलानानं कप तोंडाला लावला आणि डोळे मिटले. धुक्यात कालवा दिसत नव्हता. ती कुठे होती, मला ठाऊक नाही. पण बऱ्याच वेळानं परत आली तेव्हा तिनं वर जाऊन बॅग रिकामी केली.

पुढे ती पास झाली. आणखी दीड वर्ष आमच्याकडे राहिली, मावशींची गावठी बोलीही शिकली, आणि मग पुढच्या शिक्षणासाठी उत्तरेतल्या एका मोठ्या शहरात निघाली. निघायच्या दिवशी सगळे पायऱ्यांवर उभे होते. काका म्हणाले, "तुमच्याकडे... निरोप घेताना... काय म्हणतात?"

"वेलुमा."

"वेलामा."

"नाही काका. लु."

काका शब्द शोधत राहिले. फेलाना थांबली, मावशी थांबल्या. पुलाखालून एक होडी येऊन निघून गेली.

"वेलुमा," काका म्हणाले, स्वच्छ, मोठ्यानं.

"हे कुठलं चिनी?" रुआनबाईनं समोरून विचारलं.

"चिनी... नाही," काकांनी तिला ऐटीत सांगितलं. "मला आता... आणखी एक भाषा येते."

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी शब्द शोधत असेल, म्हातारं माणूस असो, लहान मूल असो, नाहीतर लांबून आलेला पाहुणा, तर तो शब्द झटकन त्याच्या हातात देऊ नका. बसा त्याच्याजवळ. थांबा. तोवर पाणी निवेल अशी काळजी करू नका. ते सांभाळायला आम्ही आहोत.