देवी पीठात बसेना

मुहूर्त तोंडावर आला होता आणि देवी काही पीठात बसेना.

लिंबायतच्या त्या गल्लीत, गुजराती मुलखात पोटासाठी आलेल्या खान्देशी माणसांनी गुलाबी दगडाचं नवं देऊळ बांधलं होतं. लोखंडाचा एक खिळा नाही. दगडाची खुंटी दगडाच्याच खाचेत बसवलेली. देवी म्हणजे शेंदूर लावलेला एक दगड, तांदळा. जुनं पत्र्याचं देऊळ उतरवण्याआधीच देवळं घडवणाऱ्या सोमपुरा मिस्त्रींनी तिचं माप घेतलं होतं आणि पीठात तेवढीच खोबण कोरवली होती. आज चौघांनी तांदळा उचलून ठेवला, तर तो काठावरच अडला.

"मिस्त्री, माप चुकलं तुमचं," समितीचा गजेंद्र म्हणाला.

"मारुं माप बराबर छे," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "देवीच जाड झाली."

मंडपात हशा पिकला. मंगलाबाई मात्र खांबाआड सरकल्या.

बांधकाम चाललं होतं तोवर देवी समोरच त्यांच्या घरी चौरंगावर होती. ती होतीही मूळची त्यांचीच. त्यांचे यजमान दगाभाऊ तरुणपणी कापडाच्या लूमवर कामाला आले, ते गिरणा नदीकाठचा हा दगड पिशवीत घालून. त्यांनी तो निंबाखाली मांडला. मग पत्रे आले, घंटा आली, आणि ती गल्लीची झाली. पुढे दगाभाऊंना अर्धांगवायू झाला. तेव्हापासून ते खाटेवरूनच उघड्या दारातून तिचं दर्शन घेत.

"मामी, शेंदूर रोज लावायच्या का?" गजेंद्रने मंगलाबाईंना विचारलं.

"माहेरी आलेली लेक ती, गजू. तिला रोज तेल नको का लावायला?"

पुन्हा सगळे हसले. मंगलाबाईंचा मंगळवारचा उपास होता. शेंदूर वाहिल्याशिवाय तर त्या कोणत्याच दिवशी पाणीसुद्धा घेत नसत. थरावर थर चढत गेला, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. पण देवी अडली तेव्हा मन पहिल्यांदा म्हणालं होतं, बरं झालं. पुराच्या धास्तीने देवळाचं जोतं उंच घेतलेलं. खाटेवरून आता नुसत्या पायऱ्या दिसणार होत्या.

"खोबण रुंद करा," कुणीतरी सुचवलं.

"मग कड उरणार नाही, पीठ फुटेल," मिस्त्री म्हणाले. "शेंदूरच उतरवावा लागेल. माँजी, हात तुम्हीच लावा."

नाही म्हटलं असतं तर मुहूर्त टळला असता, देवी परत घरी आली असती. मंगलाबाई घरी गेल्या. दगाभाऊंनी सगळं ऐकून घेतलं.

"कसाले रडी राहिनी?" ते अडखळत म्हणाले. "पोर सासरे चालनी. तिले आडवू नको."

"मंग तुमले दर्शन कसं व्हई?"

"मी तिले दिसनू नही तरी ती माले वळखस."

मंगलाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि चुलीवर वाटीभर तेल कोमट करून देवळात नेलं.

त्यांची बोटं शेंदरावरून हळूहळू फिरत राहिली, न्हाऊ घालावं तशी. आधी पोपडे सुटले, मग अख्खं कवच हातात आलं. आत काळाभोर, गुळगुळीत दगड. गल्लीतल्या पोरांनी तो कधी पाहिलाच नव्हता. चौघांनी उचलला आणि तो खोबणीत अलगद बसला.

"बेसी गयां माताजी," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

मंगलाबाईंनी तिची ओटी भरली. कवच तापीत सोडायचं होतं. रिक्षात बसण्याआधी त्यांनी ते परातीत घालून खाटेजवळ नेलं. दगाभाऊंनी चालता हात कवचाच्या पोकळीवर ठेवला, जरा वेळ ठेवूनच राहिले, मग म्हणाले, "आते जा."

नदीवरून त्या परतल्या तेव्हा देवळात आरती सुरू झाली होती. दारातून पायऱ्याच दिसत होत्या, त्यांवर चपलांचा ढीग. दगाभाऊंनी एक हात छातीशी उभा धरला होता. मंगलाबाई खाटेवर टेकल्या आणि त्यांनी आपला तळवा त्या तळव्याला जोडला.