सहा तुकडे आणि एक पेशंट

हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये नऊ हजार ओळींचा एकच क्लास, म्हणजे प्रोग्रामचा एकच कप्पा! नाव 'पेशंट'. खाट त्यात, औषधं त्यात, जेवण त्यात, कोणाला कशाची ॲलर्जी तेही त्यातच. कामाप्रमाणे वेगळं करू या, असं वर्षभर ओरडून माझा घसा बसला. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी साहेबांनी केलं काय, तर फाईलचे सहा सारखे तुकडे पाडले आणि माणशी दीड हजार ओळी वाटल्या. "झाले सहा स्वतंत्र मॉड्यूल!" म्हणे. अहो, भिंती न घालता सहा पाट्या लावल्या की सहा खोल्या होतात का?

मंगळवारी अबोलनं, म्हणजे आमच्या नव्या प्रोग्रामरनं, जेवणाच्या चिठ्ठीवर 'मीठ कमी' छापायची सोय केली, आणि हॉस्पिटलच्या स्क्रीनवरून एका पेशंट बाईंच्या पेनिसिलिनच्या ॲलर्जीचा इशारा गायब झाला. नर्सबाईंनी स्वतःच्या वहीत लिहून ठेवलं होतं म्हणून त्या पेशंट बाई वाचल्या. नर्सबाईंनी फोनवर आम्हाला धू धू धुतलं, आणि बरोबरच केलं.

"अबोलला उद्यापासून कायमची सुट्टी," साहेब म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्याच्या तुकड्यात फक्त जेवण होतं! ॲलर्जी त्याला दिसणार कुठून?"

"मग चूक कोणाची ते चारपर्यंत दाखव."

दाखवतेच, म्हटलं. ॲलर्जी उपसून तिचा वेगळा क्लास करायला घेतला आणि सगळं कळलं. तिला स्वतःची जागाच नव्हती. 'शेरा' नावाच्या खणात कोंबली होती. अबोलला तो खण मोकळा वाटला, त्यानं तिथं 'मीठ कमी' लिहिलं, आधीचं पुसलं गेलं. कुठल्या गाढवानं केलंय हे? त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ती ओळ कोणी, कधी लिहिली याचा इतिहास मी उघडला.

सहा वर्षांपूर्वीची ओळ. शेजारी टीप: 'तात्पुरतं. नंतर वेगळं करू.' खाली माझं नाव.

चार वाजता तो इतिहास कागदावर छापून साहेबांच्या टेबलावर आपटला. त्यांनी वाचला, दाराकडे बघितलं, आवाज खाली आणला. "हे बघ, तू जुनी माणूस आहेस. हे आपल्यातच राहू दे."

"शरम वाटत नाही?" मी किंचाळले. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. अबोल बॅग भरत होता.

"ताई, जाऊ द्या ना," तो पुटपुटला.

"गप्प बस! बॅग ठेव खाली. ॲलर्जीचा क्लास झालाय, आता जेवणाचा तू वेगळा काढ. मला कधी हाकलायचं ते साहेब ठरवतील."