काही कमी नाही

धुलाई कारखान्यातल्या सुपरवायझरला सगळे ‘इस्त्री’ म्हणत. इस्पितळांच्या चादरींचे ढीग उपसून माणूस घामाघूम झाला, तरी त्याच्या कॉलरची घडी म्हणून मोडत नसे. आज तो कॉलेजच्या फी-सवलतीच्या खिडकीपुढे रांगेत उभा होता, शेजारी लेक, आणि डोकं असं तापलेलं की विचारू नका.

लेकीला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. गुण मिळाले, जागा मिळाली, आणि आज फी भरली नाही तर ती जागा जाणार होती. फीमध्ये वर्षाचा अर्धा पगार गडप. उरलेल्या अर्ध्यात घरभाडं, म्हातारीची औषधं, धाकट्याची शाळा. बँकेला तारण हवं, आणि तारण ठेवायला घर स्वतःचं हवं. सवलत होती, पण पगार मर्यादेच्या जरासा वर. गरिबांना सवलत मिळते, श्रीमंतांना ती लागत नाही, आणि मधल्यांची गत काय, तर आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

एक फट तेवढी होती. अशा जरा वरच्यांच्या घरी कॉलेजची बाई येऊन परिस्थिती बघून जायची. तिला पटलं तर सवलत. ती येऊन गेली, आणि काल नकार आला.

नकार कोणामुळे आला, याबद्दल इस्त्रीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बायकोमुळे. ‘घर आहे तसं राहू दे,’ असं त्याने तिला बजावून सांगितलं होतं. पण ऐकेल तर ती बायको कसली. ‘अहो, माणूस दारात येणार आणि आपण त्याला फाटक्या गादीवर बसवायचं?’ म्हणून शेजारणीचा सोफा आला, वहिनीचे पडदे आले, आणि भिंतीला ओल होती तिथे कपाट सरकवलं गेलं. मागायला निघायचं ते नटूनथटून, काय ही अक्कल. कालपासून तो तिला हेच ऐकवत होता, आणि ती चक्क गप्प बसून ऐकत होती.

त्याचा नंबर आला. खिडकीत तीच बाई होती.

“मॅडम, ते सगळं उसनं होतं हो,” तो घाईघाईने म्हणाला. “पडदेसुद्धा. आमच्या मंडळींची हौस.”

“पडदे बघून कोणी नकार देत नाही,” बाई म्हणाली. “ओलही दिसली होती मला, कपाट जरा तोकडं पडलं. म्हणून तर निघताना मी तुम्हाला विचारलं, घरात काही अडचण आहे का. तुम्ही म्हणालात, छे, काही कमी नाही, छान चाललंय. मी परत विचारलं, तुम्ही परत तेच म्हणालात. मग मी काय लिहायचं?”

इस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणाला होता खरा. कोणी ‘कसं काय’ विचारलं की हे वाक्य त्याच्या तोंडून आपसूक निघायचं, त्याच्या वडिलांच्याही निघायचं. कारखान्यात पगार लांबला तेव्हा निघालं होतं, म्हातारीच्या ऑपरेशनच्या वेळीही निघालं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे बाळकडूच. आणि खापर फोडत होता बायकोच्या डोक्यावर. स्वतःचा असा संताप आला की समोरच्या काचेवर डोकं आपटून घ्यावं.

“नाही परवडत आम्हाला,” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, म्हणून आवाज नको तेवढा मोठा निघाला. “हात जोडतो मॅडम. पोरीचं नुकसान करू नका.”

मागची रांग माना उंचावून बघू लागली.

“नकार आल्यावर सगळेच असं म्हणतात हो,” बाई म्हणाली. तिलाही काही आनंद होत नव्हता. “यादी वर गेली. माझ्या हातात काही नाही आता.”

बाहेर पायऱ्यांवर येईपर्यंत तो स्वतःला शिव्या घालत होता. मग थांबला. “मी प्राचार्यांकडे जातो. पाय धरतो त्यांचे. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, मग लाज तरी कशाला हवी?”

“नको, बाबा.”

“आणि तू गं? तू तिथेच होतीस ना त्या दिवशी? मला चिमटा तरी काढायचास.”

लेक जिन्याच्या कठड्यावरचा रंग नखाने खरवडत राहिली. “तुम्ही तसं म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं होतं,” ती म्हणाली. “बाईंनी माझ्याकडे बघितलं, तर मीही मान डोलावली. आणि आत्ता तुम्ही सगळ्यांसमोर हात जोडलेत, ते नाही बघवलं मला. जागा गेली तर गेली. तुम्ही परत आत जायचं नाही.”

“अगं, तुझ्या आयुष्याचा प्रश्न आहे हा.”

“असू दे. माझं काही अडत नाही.”

डोळे डबडबले होते आणि मान ताठ होती. हे असलं तुला शिकवलं कोणी, म्हणून तिला झापायला त्याने तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.